वॉल्टर ब्रेनन आणि त्याचा स्टंपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रिओ ब्राव्हो’ बघून झाला की लोक जॉन वेनबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते तुरुंगाच्या दाराशी बंदूक घेऊन बसलेल्या त्या लंगड्या म्हाताऱ्याबद्दल. कुणाला तो सिनेमाचा जीव वाटतो, कुणाला नुसती कटकट. जुने वेस्टर्न मी इतक्या लोकांना धरून बसवून दाखवले आहेत की प्रश्न आता पाठ झालेत. उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान. मतं माझी आहेत आणि मी स्टंपीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वॉल्टर ब्रेनन कोण होता, थोडक्यात?

जन्म २५ जुलै १८९४, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन या गावी. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, फ्रान्समध्ये लढून आला. १९२०च्या दशकात हॉलिवूडमध्ये गर्दीतला एक चेहरा म्हणून सुरुवात केली आणि पडेल ते काम करत राहिला. पुढे सहाय्यक अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळवली: १९३६चं ‘कम अँड गेट इट’साठी, १९३८चं ‘केंटकी’साठी आणि १९४०चं ‘द वेस्टर्नर’साठी. सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार सुरू झाला तोच मुळी १९३६च्या चित्रपटांपासून, त्यामुळे त्याचा पहिला मानकरी ब्रेननच. या गटात तीन वेळा जिंकलेला दुसरा कुणी अजून झालेला नाही. २१ सप्टेंबर १९७४ रोजी तो वारला.

स्टंपी म्हणजे कोणत्या सिनेमातला? गोष्ट काय आहे?

१९५९चा ‘रिओ ब्राव्हो’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. टेक्सासमधल्या एका छोट्या गावात जो बर्डेट नावाचा मवाली दारूच्या गुत्त्यात एका निःशस्त्र माणसाचा खून करतो. शेरीफ चान्स, म्हणजे जॉन वेन, त्याला पकडून कोठडीत टाकतो. जोचा भाऊ नेथन हा बडा जमीनदार, त्याच्याकडे भाडोत्री बंदूकवाल्यांची फौज. केंद्राचा मार्शल येऊन कैद्याला घेऊन जाईपर्यंत काही दिवस कोठडी राखायची आहे, आणि शेरीफकडे माणसं दोन. एक ड्यूड, दारूने हात थरथरणारा जुना मदतनीस. ही भूमिका डीन मार्टिनची. दुसरा स्टंपी.

गावात आलेला शेरीफचा मित्र व्हीलर त्याला विचारतो, एक लंगडा म्हातारा आणि एक दारुडा, एवढीच माणसं आहेत तुझ्याकडे? शेरीफ उत्तर देतो की माझ्याकडे आहेत ती हीच. इंग्रजीत एकच शब्द बदलून अर्थ फिरवलाय: समोरचा माणसं किती कमी आहेत ते मोजतो, हा आहेत त्यांच्यावर बोट ठेवतो. पुढची सगळी गोष्ट त्या एका उत्तरावर उभी आहे.

स्टंपीचं हसू नेमकं कशामुळे येतं?

वरवर पाहिलं तर जुनीच सामग्री आहे. तोंडाचं बोळकं, पायात लंगड, गळ्यातून येणारा किरटा आवाज आणि अखंड कुरकुर. जेवण वेळेवर नाही, बाहेर जाऊ देत नाहीत, कुणी काही सांगत नाही, सगळे माझ्यावरच ओरडतात. कोठडीतल्या कैद्यालाही तो सोडत नाही, गजांबाहेरून त्याला टोमणे मारत बसतो.

पण या कुरकुरीत एक मेख आहे. स्टंपी तक्रार करतो ती प्रत्येक वेळी कामाबद्दल आणि मानाबद्दल. ‘मला घरी जाऊ द्या’ असं तो एकदाही म्हणत नाही. उलट त्याचा खरा राग हा की मला पुरेसं काम देत नाही, दिलं तर त्याचं कुणी नाव घेत नाही. मरणाची भीती वाटायला हवी अशा ठिकाणी हा माणूस कौतुक मिळालं नाही म्हणून रुसून बसतो, आणि हसू येतं ते या रुसव्याचं. ब्रेननने हा रुसवा पूर्ण खरा ठेवलाय, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारलेला नाही. म्हणूनच हसता हसता पोटात कुठेतरी हलतं.

सगळे सांगतात तो झाडूचा प्रसंग कोणता?

स्टंपीची भुणभुण चालू असते: एवढं राबतोय, पण या जागेत कुणाच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. शेरीफ ऐकून घेतो. मग तो, तो सव्वासहा फुटी जॉन वेन, अगदी गंभीर चेहऱ्याने कबूल करतो की तुझ्याशिवाय माझं काही खरं नव्हतं. आणि वाकून म्हाताऱ्याच्या टकलावर ओठ टेकवतो. स्टंपी क्षणभर सुन्न. मग हाताशी असलेला झाडू उचलतो आणि निघालेल्या शेरीफच्या पार्श्वभागावर सणसणीत हाणतो.

हा प्रसंग थांबवून थांबवून बघण्यासारखा आहे. मागितलेलं कौतुक हातात पडल्यावर स्टंपीला ते ठेवायचं कुठे तेच कळत नाही. ब्रेननचा चेहरा तेवढ्यात तीन गोष्टी करतो: आधी कोरा पडतो, मग लाजतो, मग लाज लपवायला चिडतो. झाडू येतो तो या तिसऱ्या पायरीवर. अशा माणसांना माया दाखवली की ती आधी खेकसतात, हे आपण घरोघरी पाहिलेलं आहे. आणि वेनची दाद द्यायला हवी, कारण चुंबन त्याने थट्टा म्हणून उरकलेलं नाही. आधीचं बोलणं त्याने मनापासून बोललं आहे, म्हणून चुंबनाचा विनोद चढतो.

मला स्टंपी सहन होत नाही. सारखा किंचाळतो. माझं काही चुकतंय का?

नाही. ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते आणि तिच्यात तथ्य आहे. सिनेमा १४१ मिनिटांचा आहे, त्यातला बराच भाग त्या एका खोलीत घडतो, आणि स्टंपी गप्प असा फार कमी वेळ असतो. त्याचं ते ‘हे हे हे’ करून हसणं तिसऱ्या-चौथ्या वेळी कानाला टोचतं, हे मीही कबूल करतो.

माझं म्हणणं एवढंच की तो का बोलतो ते बघा. सिनेमाभर त्याला बाहेर पाऊल टाकायची बंदी आहे. दारात उभा राहिला तरी शेरीफ डाफरतो, कारण बाहेरून कुणीही टिपेल. बाकी सगळे गावभर फिरतात, हॉटेलात जातात, भांडतात, प्रेमात पडतात. हा एकटा कैद्याबरोबर कोंडलेला. कैदी गजांच्या आत आणि हा गजांच्या बाहेर, फरक तेवढाच. दिवसरात्र असा बसलेला माणूस दार उघडून कुणी आत आलं की बडबडणारच.

माझे आजोबा गिरणीतून निवृत्त झाले त्यानंतरची गोष्ट सांगतो. आयुष्यभर यंत्राच्या आवाजात काम केलेला माणूस, घरातही मोठ्याने बोलायचा. कुठलंही काम करायला उठले की घरातलं कुणीतरी म्हणायचं, “बाबा, तुम्ही बसा.” गॅस सिलिंडर आला, “बाबा, तुम्ही बसा.” बल्ब बदलायचा, “बाबा, तुम्ही बसा.” मग ते बसल्या जागेवरून सगळ्यांना सूचना द्यायचे आणि आम्ही वैतागायचो. ‘रिओ ब्राव्हो’ त्यांनी माझ्याबरोबर पाहिला, व्हिडिओ कॅसेटवर, सबटायटल नसताना. इंग्रजी त्यांना जुजबी यायचं. कवळी काढून वाटीत ठेवलेली होती. स्टंपी पहिल्यांदा दारात येऊन ओरडा खाऊन आत गेला तेव्हा ते म्हणाले, “ह्याला पण बसा म्हणतायत.” त्यानंतर मला स्टंपीचा आवाज कर्कश वाटणं जवळजवळ बंदच झालं.

स्टंपी नुसता हसवण्यापुरता आहे की कथेला त्याचा उपयोग आहे?

तो काढला तर कथा पहिल्या अर्ध्या तासात संपेल. नेथन बर्डेट फौज घेऊन कोठडीवर सरळ चाल का करत नाही? कारण आत स्टंपी आहे. गडबड झाली तर पहिली गोळी तुझ्या भावाला, हे नेथनला तोंडावर ऐकवलेलं आहे, आणि ती झाडणारा हात स्टंपीचा असणार आहे. या म्हाताऱ्याचं नेथनशी जमिनीवरून जुनं वैर आहे, त्यामुळे धमकी पोकळ नाही हे नेथन ओळखून आहे. म्हणजे ज्याच्या रुसव्याला आपण हसतोय तोच कोठडीचं कुलूप आहे.

आणि त्याची बंदूक खरंच चालते. ड्यूड दारू सोडून, दाढी करून, स्वच्छ कपड्यांत परत येतो तेव्हा स्टंपी त्याला ओळखत नाही आणि थेट गोळी घालतो. थोडक्यात वाचतो बिचारा. प्रसंग विनोदाने सुरू होतो आणि ड्यूडच्या थरथरणाऱ्या हातांवर येऊन थांबतो. हॉक्सला असं मधेच वळण घ्यायला आवडायचं. नंतर बर्डेटची माणसं शेरीफ आणि ड्यूडला पुढे घालून कोठडीपाशी येतात, तेव्हा दाराआड छऱ्यांची बंदूक घेऊन बसलेला म्हातारा काय करेल याचा अंदाज फक्त त्या दोघांना असतो, गुंडांना नसतो.

शेवटच्या लढाईत तर त्याला सोबत नेतच नाहीत, पाय साथ देणार नाही म्हणून. तो आपणहून येतो. डायनामाइटच्या कांड्या फेकणारा स्टंपी आणि त्या हवेत असताना गोळीने उडवणारा शेरीफ, ही जोडी ज्याने पाहिली तो विसरत नाही.

“कवळी घालून की काढून?” हा किस्सा खरा आहे का?

हॉवर्ड हॉक्स हा किस्सा मुलाखतींत सांगायचा. १९३५च्या ‘बार्बरी कोस्ट’साठी एक नट त्याच्यासमोर उभा केला. हॉक्सने संवाद वाचायला सांगितले. नटाने विचारलं, “घालून की काढून?” “काय घालून?” “कवळी.” हॉक्स हसत सुटला आणि काम पक्कं झालं. हॉक्स गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता, पण कवळी मात्र खरी होती. १९३२ साली एका चित्रीकरणातल्या अपघातात ब्रेननचे दात गेले. तेव्हा तो चाळिशीतही नव्हता.

एखाद्या नटाला हे संकट वाटलं असतं. ब्रेननने त्याचं हत्यार केलं. कवळी घातली की चाळिशीचा सभ्य गृहस्थ, काढली की सत्तरीचा म्हातारा. गाल आत जातात, हनुवटी वर येते, शब्दांच्या कडा गळून पडतात. रंगपटात बसायलाही नको. हॉक्सबरोबर त्याने पुढे एकूण सहा चित्रपट केले, त्यातला शेवटचा ‘रिओ ब्राव्हो’.

तो खरंच लंगडा होता का?

नाही. लंगडणं अभिनयाचं होतं, आणि दर भूमिकेत वेगळं. स्टंपीचं वेगळं, ‘द रिअल मॅकॉय्ज’ या १९५७ ते १९६३ चाललेल्या टीव्ही मालिकेतल्या आजोबांचं वेगळं.

‘रिओ ब्राव्हो’च्या वेळी त्याचं वय काय होतं?

चित्रीकरण १९५८ साली ॲरिझोनातल्या ओल्ड टूसॉनमध्ये झालं, तेव्हा तो ६३ वर्षांचा. खरी गंमत ‘द वेस्टर्नर’ची आहे: त्यातला तो जख्ख न्यायाधीश ४५ वर्षांचा होता. सगळं आयुष्य त्याने स्वतःच्या पुढच्या वयात काढलं.

‘रेड रिव्हर’मधला ग्रूट आणि स्टंपी म्हणजे एकच पात्र नाही का?

नातेवाईक आहेत, पण एक नाहीत. मला विचाराल तर ग्रूट जास्त खोल आहे.

१९४८चा ‘रेड रिव्हर’, दिग्दर्शक पुन्हा हॉक्स. टॉम डन्सन, म्हणजे जॉन वेन, टेक्सासमध्ये गुरांचं मोठं खिल्लार उभं करतो. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गुरांना भाव राहत नाही, म्हणून हजारो जनावरं शेकडो मैल हाकत उत्तरेला न्यायची ठरतात. ग्रूट हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा साथीदार, आता तांड्याचा आचारी, स्वयंपाकाच्या गाडीवर बसणारा.

विनोद इथेही दातांचाच. पत्त्यांच्या डावात ग्रूट आपल्या कवळीतला अर्धा वाटा क्वो नावाच्या आदिवासी साथीदाराला हरतो. तेव्हापासून कवळी क्वोच्या थैलीत, आणि जेवणाच्या वेळी मागून घ्यायची. वाटेवर धुळीचे लोट उठतात, ग्रूट म्हणतो तोंडात माती जातेय, माझे दात दे. क्वोचा सल्ला: तोंड बंद ठेव. क्वोला तुटक इंग्रजी बोलायला लावून हसवण्याची ती पद्धत आज खटकते आणि खटकायलाच हवी. तरी या दोघांत डाव जिंकतो तो क्वोच, हेही खरं.

पण ग्रूटचं मोल कळतं ते डन्सन बिघडू लागल्यावर. वाट लांबते, खायला उरत नाही, माणसं परत जाऊ म्हणतात, आणि डन्सन त्यांना गोळ्या घालू लागतो. सगळे गप्प. तेव्हा हा दात हरलेला आचारी, ज्याला आपण तासभर हसत आलोय, मालकाला तोंडावर सांगतो: तुम्ही चुकलात, मिस्टर डन्सन. आवाज चढवत नाही, हात हलवत नाही. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात एकही गंमत नसते.

आपल्याकडे वगातला सोंगाड्या राजाला जे सुनावू शकतो ते प्रधानाला जमत नाही. हसवणाऱ्याला ती मुभा असते. ग्रूट ती मुभा आयुष्यभर गाठीला ठेवतो आणि गरज पडते तेव्हा वापरतो. पुढे डन्सनचा मानलेला मुलगा मॅथ्यू तांडा आपल्या हातात घेतो, तेव्हा ग्रूट मॅथ्यूबरोबर जातो. इतक्या वर्षांचा धनी मागे एकटा उभा राहतो. ब्रेननने तिथे चेहऱ्यावर काय दाखवलंय ते शब्दांत सांगण्यापेक्षा बघा.

एक सूचना: ‘रेड रिव्हर’च्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत मधे मधे वहीची पानं दिसतात, दुसरी जरा छोटी आहे आणि तिच्यात ग्रूटच्या आवाजात निवेदन आहे. ब्रेनन आवडत असेल तर ती दुसरी शोधा.

ऑस्कर कोणत्या विनोदी भूमिकेला मिळालं? स्टंपीला का नाही?

‘रिओ ब्राव्हो’ला एकही नामांकन मिळालं नव्हतं. त्या काळी तो वेनचा आणखी एक चालणारा सिनेमा समजला गेला. रॉबिन वुडसारख्या समीक्षकांनी त्याला पुढे डोक्यावर घेतलं, आणि २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

पुरस्कार मिळाला तो ‘द वेस्टर्नर’मधल्या न्यायाधीश रॉय बीनला, आणि ती भूमिका विनोदी की भीतिदायक हे ठरवणं कठीण आहे. रॉय बीन हा खरा माणूस. टेक्सासमध्ये पेकॉस नदीपलीकडे दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवायचा आणि लिली लँगट्री या इंग्लिश नटीवर लांबूनच जीव टाकायचा. सिनेमात गॅरी कूपरला घोडाचोर म्हणून त्याच्यासमोर उभं करतात. फाशी ठरल्यातच जमा असते. कूपर गुत्त्यातल्या लिलीच्या तसबिरी बघतो आणि सहज थाप मारतो की मी तिला भेटलोय, तिच्या केसांची बटही आहे माझ्याकडे. झालं! न्यायाधीशाचा चेहरा असा उजळतो की जणू शाळकरी पोराला जत्रा दिसली.

या आशेपायी फाशी लांबते. एका बाजूला माणसं लटकवणारा जुलमी, दुसऱ्या बाजूला केसांच्या बटेसाठी आसुसलेला म्हातारा, आणि ब्रेनन दोन्ही एकाच माणसात बसवतो. शेवटी तो लिलीच्या खेळाची सगळी तिकिटं एकटा विकत घेतो आणि जुना लष्करी गणवेश चढवून रिकाम्या नाट्यगृहात एकटा बसतो. पडदा वर जातो तर रंगमंचावर कूपर. पुढचं सांगत नाही. विनोदी भूमिकेचा शेवट इतका हळवा झालेला मी दुसऱ्या कुठल्या वेस्टर्नमध्ये पाहिलेला नाही. खऱ्या रॉय बीनला हेही नशिबी नव्हतं. तो १९०३ साली गेला आणि लिली त्याच्या गावी आली ती त्यानंतर.

त्याने फक्त गोड म्हातारेच केले का?

‘माय डार्लिंग क्लेमंटाइन’ बघा, १९४६चा, जॉन फोर्डचा. त्यातला म्हातारा क्लँटन हा थंड रक्ताचा मारेकरी आहे. परक्या माणसासमोर बंदूक काढून ती चालवली नाही म्हणून तो आपल्या वाढलेल्या मुलांना चाबकाने फोडतो आणि सांगतो की बंदूक काढलीत तर माणूस मारा. तोच आवाज, तेच बोळकं, पण हसू नाही. ही भूमिका बघितल्यावर स्टंपीचा गोडवा हा ब्रेननचा स्वभाव नव्हता, निवड होती, हे लक्षात येतं. फोर्डबरोबर त्याने पुन्हा काम केलं नाही.

मजा म्हणजे १९६९च्या ‘सपोर्ट युअर लोकल शेरीफ’मध्ये त्याने याच क्लँटनची थट्टा केली. तिथेही नालायक मुलांचा बाप. जेम्स गार्नरवर बंदूक रोखतो, तर गार्नर शांतपणे नळीत बोट घालतो. त्यावेळी ब्रेननचा तोंडाचा आ बघण्यासारखा आहे. तेव्हा तो पंचाहत्तरीला टेकला होता.

गॅबी हेज जास्त चांगला की ब्रेनन?

जॉर्ज ‘गॅबी’ हेज म्हणजे दाढीवाला, दात नसलेला, नायकाच्या मागे घोडा दामटणारा साथीदार. साच्याचा खरा मालक तोच. ‘स्टेजकोच’मधला गाडीवान अँडी डिव्हाइनही त्याच वाटेवरचा, घोगऱ्या आवाजाचा आणि भित्रा. दोघंही मला आवडतात. पण गॅबी सगळ्या सिनेमांत गॅबीच असतो, लोक त्यालाच बघायला यायचे. ब्रेननने तो साचा घेतला आणि त्यात दर वेळी वेगळा माणूस ओतला: स्टंपीचा अभिमान, ग्रूटची सदसद्विवेकबुद्धी, ‘द फार कंट्री’तल्या बेनचं कॉफीचं वेड. त्या बेनला कॉफी इतकी प्यारी की प्रवासासाठी जादा कॉफी विकत घेताना निघायचा बेत फुटतो आणि जीव जातो. हसवणारी सवय मारणारी ठरते. हे गॅबीच्या सिनेमात होत नसे.

स्टंपीची जागा नंतर कुणी घेतली?

हॉक्सने हीच गोष्ट थोडी फिरवून पुन्हा सांगितली. ‘एल डोराडो’मध्ये आर्थर हनिकटने बुल केला, बिगूल आणि धनुष्यबाणवाला. १९७०च्या ‘रिओ लोबो’त जॅक एलम होता. हनिकट छान आहे, संथ आणि मिस्कील. पण बुलला कुणाच्या शाबासकीची गरज वाटत नाही, म्हणून त्याच्याबद्दल जीव तुटतही नाही. एलम धमाल करतो, एवढंच.

गाण्याचा प्रसंग उगाच घातलेला वाटतो. तुमचं मत?

डीन मार्टिन आणि रिकी नेल्सन दोघंही गायक, त्यामुळे गाणं येणारच होतं. पण त्या प्रसंगात माझी नजर स्टंपीवर असते. ड्यूड डोळ्यांवर टोपी ओढून आडवा पडून गातोय, कोलोरॅडो, म्हणजे नेल्सनने केलेला तरुण बंदूकवाला, गिटार घेऊन, स्टंपी माउथ ऑर्गन वाजवतोय, शेरीफ हातात कॉफीचा पेला घेऊन नुसता ऐकतोय. गाणं संपल्यावर स्टंपी म्हणतो, मलाही म्हणता येईल असं काहीतरी घ्या. मग ‘सिंडी’ सुरू होतं आणि त्याचा चिरका सूर दोन तयार गळ्यांच्या मधे जाऊन बसतो. इथेही त्याचं मागणं तेच: मला धरा तुमच्यात. आणि या वेळी ते धरतात.

पहिल्या गाण्याची चाल, जाता जाता, दिमित्री टिओमकिनची आहे आणि ती ‘रेड रिव्हर’मधून आलेली आहे. म्हणजे ग्रूटच्या तांड्याची धून स्टंपीच्या कोठडीत वाजते.

त्याची राजकीय मतं फार कडवी होती असं ऐकलं. ते माहीत असून भूमिका आवडून घ्यायची का?

खरं आहे. ब्रेनन कट्टर उजव्या विचारांचा होता. १९६४ साली त्याने राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटरचा प्रचार केला, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीला त्याचा विरोध होता. ती मतं मला मुळीच पटत नाहीत आणि ती झाकून त्याचं कौतुक करणं मला जमणार नाही. वाईट याचं वाटतं की ज्याने पडद्यावर ‘मला मोजा’ म्हणणाऱ्या दुर्लक्षित माणसाचं दुखणं इतकं अचूक पकडलं, त्याला पडद्याबाहेर तेच मागणाऱ्या लोकांचं ऐकू आलं नाही. ज्यांना हे कळल्यावर सिनेमा बघवत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मला स्टंपी अजूनही हवा आहे.

सुरुवात कुठून करू?

आधी ‘रिओ ब्राव्हो’, मग ‘रेड रिव्हर’, मग ‘द वेस्टर्नर’. त्यानंतर एक दिवस मधे जाऊ द्या आणि ‘माय डार्लिंग क्लेमंटाइन’ बघा. उलट क्रमाने बघितलंत तर क्लँटन डोक्यातून जात नाही आणि स्टंपीला मोकळेपणाने हसता येत नाही. घरातल्या ज्येष्ठांना ‘रिओ ब्राव्हो’ला जरूर बसवा. भाषा अडत नाही.

शेवटच्या दृश्यात स्टंपी काय बोलतो? नीट ऐकू येत नाही.

लढाई संपलेली आहे, कैदी गेलाय, शेरीफ वर हॉटेलच्या खोलीत त्याची प्रेयसी फेदर्स हिच्याबरोबर आहे. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून ड्यूड आणि स्टंपी गस्त घालत चाललेत, स्टंपी आता उघड्यावर, त्याला आत जा म्हणणारं कुणी नाही. वरच्या खिडकीतून फेदर्सचे तंग मोजे खाली येऊन पडतात. स्टंपी ते उचलतो, वर बघतो, त्याचं ते किरटं हसू हसतो. मग ड्यूडला विचारतो, मी कधी शेरीफ होईन का रे? ड्यूड सांगतो, स्वतःच्या कामाशी काम ठेवायला शिकल्याशिवाय नाही. आणि दोघं पुढे चालू लागतात, एक सरळ आणि एक लंगडत.